दगडाला दिलेला खांदा

मी त्या दवाखान्यात रुजू झाले आणि पहिल्याच आठवड्यात दोन उभ्या दगडांना दोरी बांधून तिच्यावर माझी पांढरी पातळं वाळत घातली. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, एक पडवी आणि मागे माझी राहायची खोली. आलापल्लीहून एटापल्लीकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्याला लागून कंत्राटदाराने तो बांधला, कारण सागाच्या त्या दाट रानात तेवढीच एक सपाट जागा त्याला आयती मोकळी मिळाली. ती मोकळी का आहे, हे त्याने कुणाला विचारलं नाही. पडवीसमोरून पायवाट जायची आणि पायवाटेपलीकडे दगड उभे होते. काही गुडघ्याएवढे, काही कमरेएवढे, एकदोन पुरुषभर उंच. कोरलेले नाहीत, घडवलेले नाहीत, नुसते रानातून आणून जमिनीत रोवलेले. कपडे वाळत घालायला याहून सोयीचं काय असणार?

दवाखान्याची आया ओरडत धावत आली. ती ब्रम्हपुरीकडची, वयाने माझ्या आईएवढी, पण निम्मं आयुष्य याच रानात गेलेलं. माडिया लोकांची बोली तिला घरच्यासारखी यायची, आणि मला एक अक्षर कळत नव्हतं, त्यामुळे तिच्यावाचून माझं पान हलत नसे.

"काढा बाई, काढा तो दोर! मेले मानसं होय ते!"

"दगड आहेत," मी म्हणाले.

"तुमाले दगड दिसून राह्यले."

दोरी सोडता सोडता तिने मला सगळं सांगितलं. माणूस मेला की लगेच त्याला जागा मिळत नाही. घरचे त्याच्यासाठी रानातून दगड आणून रोवतात, तोवर तो भटकत राहतो. दगड वाटेल तो चालत नाही. मेलेल्याच्या मनात असलं तर मोठा दगडही फुलासारखा उचलला जातो, नसलं तर लहानसा दगडही जागचा हलत नाही. वाटेत जड झाला तर समजायचं की त्याला काही सांगायचं आहे. आणि रोवल्यावर मेलेला सुखात असेल तर दगड वर्षावर्षाला वाढतो, नाराज असेल तर जमिनीत खचतो.

मी चांद्याची, नागपूरला शिकून नर्स झालेली, आणि घरात माझ्या जिभेला सगळे टरकून असायचे. मी तिला म्हणाले, "मी मेले तर आधीच सांगून ठेवते, हलकाच दगड आणा. उगाच तुमच्या पाठी मोडायला नकोत." ती हसली नाही. पातळं उचलून तिने दवाखान्यामागच्या कुंपणावर टाकली आणि त्यानंतर दोरी तिथेच बांधली गेली.

थंडी सरता सरता ओढ्यापलीकडच्या गावातून एका बाईला बाजेवर घालून आणलं. बाळंतपण अडलेलं, आणि आणायला फार उशीर केलेला. मुलगी मी जिवंत काढली. आईला वाचवणं माझ्या हातात नव्हतं. हे मी त्या दिवशीही म्हणाले आणि आजही म्हणते. ते लोक आईला बाजेवर घालून घेऊन गेले आणि मुलगी माझ्याकडे ठेवून गेले. टाकून गेले असंच मला तेव्हा वाटलं.

दवाखान्यात सरकारी दुधाच्या पावडरीचे डबे यायचे. गावात गाई होत्या, पण दूध काढायची रीत नव्हती. वासराचं ते वासराचं, असं त्यांचं म्हणणं. मग मी पाणी उकळून पावडर कालवायची, वाटीत कापसाचा बोळा भिजवायची आणि थेंब थेंब पोरीच्या तोंडात पिळायची. ती बोट घट्ट धरायची. मला लग्नाची घाई नव्हती आणि पोराबाळांचं वेडही नव्हतं, पण त्या मुठीने माझं काहीतरी बिघडवलं हे खरं. फाल्गुन संपेस्तोवर मी तिला मनात 'माझी' म्हणायला लागले होते.

तिचा बाप अधूनमधून यायचा. विशीबाविशीचा, हडकुळा, मुका वाटावा इतका गप्प. आवाराच्या कडेला उभा राहायचा, पडवीवर कधी पाऊल ठेवायचा नाही. मोहफुलं किंवा मधाचं पोळं पानात बांधून खाली ठेवायचा, पोरीकडे लांबून पाहायचा आणि निघून जायचा. मी पोरीला त्याच्यासमोर धरलं तर तो दोन पावलं मागे सरकायचा. दगड तो दगड, मी मनात म्हणायची.

त्याहून मला संताप यायचा तो पोरीच्या मावशीचा. मेलेल्या बाईची ही धाकटी बहीण. तिच्या कडेवर स्वतःचं अंगावर पिणारं मूल असायचं. ती येऊन आवारातल्या मोहाच्या झाडाखाली उभी राहायची. आत पोरगी रडायला लागली की हिच्या छातीवरचा कपडा ओला व्हायचा. दूध गळतंय आणि ही बया उभी! एके दिवशी माझा तोल गेला. मी पोरीला उचललं, तरातरा झाडाखाली गेले आणि तिच्या हातात कोंबायला लागले. ती किंचाळली आणि आपलं मूल छातीशी घट्ट धरून रानात पळाली. मी मागून मराठीत जे काही बोलले ते तिला कळलं नाही, हे बरंच झालं.

"तिले काऊन शिव्या देता, बाई?" आया म्हणाली. "तिचा जीव तुटून राह्यला. पण इच्या मायचा दगड अजून बसला नाई. माय फिरून राह्यली. दुसरीचं दूध पोरगी प्याली तं पोरगी तिची झाली. मायनं हो म्हटलं नाई न् प्याली, तं माय पोरीलेही नेते न् मावशीच्या लेकरालेही."

"मग बसवा ना दगड! रानात काय दगडांचा दुष्काळ पडलाय?"

"दोन पाह्यले. दोनीही हालले नाई."

मी कपाळावर हात मारला. कारण माझ्यापुढे खरी अडचण वेगळीच उभी राहिली होती. पोरीला पावडरीचं दूध पचत नव्हतं. पातळ जुलाब सुरू झाले होते. मी पाणी जास्त उकळलं, पावडर कमी केली, साखर-मिठाचं पाणी पाजून पाहिलं. चैत्राचं ऊन तापायला लागलं तशी तिची टाळू खोल गेली, डोळे मोठे दिसायला लागले, आणि रडणं मांजरीच्या पिलाएवढं बारीक झालं. ही खूण मला ठाऊक होती. मी आयाला काही सांगितलं नाही, पण तीही आंधळी नव्हती.

शेवटी मी ठरवलं. जंगल खात्याचा सागवान नेणारा ट्रक त्या रस्त्याने जायचा. ड्रायव्हरला सांगून ठेवलं की पुढच्या फेरीला मला आणि पोरीला चांद्याला न्यायचं. तिथे मोठा दवाखाना होता, आणि माझ्या आईच्या ओळखीत एक लेकुरवाळी बाई होती जी पोरीला पाजेल अशी आशा होती. इतका प्रवास पोरगी सोसेल का, हा विचार मी मनात येऊच दिला नाही. पोरगी जगली तर माझीच राहील, हा विचार मात्र आला. तोही मी हाकलला नाही.

ट्रक यायचा त्या दिवशी सकाळीच पिशवी भरून पडवीत ठेवली. पोरीला दोन पातळांच्या तुकड्यांत गुंडाळलं. कान रस्त्याकडे लावून बसले, आणि रस्त्याऐवजी रानातून ढोल ऐकू आला.

आया अंगणातून धावत आली. "बाई, दगड येऊन राह्यला. पोरीच्या मायचा. पोरगी आत नेऊन ठेवा."

"येऊ दे. जाईल समोरून."

पण पोरगी मी छातीशी धरली आणि दाराच्या चौकटीत उभी राहिले.

पायवाटेने माणसं आली. पुढे ढोलवाले, मागे बायका, आणि मधे दोन लांब वासे खांद्यांवर घेतलेले गडी. वाशांना वेलांच्या दोरांनी बांधलेला दगड झुलत होता. माझ्या कमरेएवढा असेल, काळसर, एका अंगाला चपटा. एका वाशाच्या पुढच्या टोकाला पोरीचा बाप होता. सगळे झपाझप चालत होते. म्हणजे हा दगड हलका होता, आला होता, आणि आता समोरून जाऊन पलीकडे बसेल, सुटले, असं मी म्हणते न म्हणते तोच ते माझ्या पडवीसमोर अडखळले. वासे करकरले, गड्यांचे गुडघे वाकले आणि दगड धूळ उडवत जमिनीवर टेकला. ढोल थांबला.

सगळे माझ्या हातातल्या गाठोड्याकडे पाहत होते.

गावचा गायता, म्हणजे गावाचं देवधर्माचं आणि जागाजमिनीचं पाहणारा म्हातारा, पुढे आला. त्याला आमची बोली मोडकीतोडकी येत होती. तो मला काही म्हणाला नाही. दगडापुढे उकिडवा बसला, त्याच्यावर तांदळाचे चार दाणे ठेवले आणि हळू आवाजात, घरातल्या माणसाशी बोलावं तसा, बोलायला लागला. आया माझ्या कानाशी सांगत होती.

"विचारून राह्यला तिले. काऊन थांबली? पोरीसाठी थांबली का?"

गड्यांनी वासे उचलले. दगड जरासा वर आला आणि पुन्हा टेकला. म्हणजे हो, असं आयाने सांगितलं. आता नीट विचारणार.

गायत्याने पहिला प्रश्न विचारला तेव्हा बायकांत कुणीतरी हुंदका दिला. आयाने मला तो लगेच सांगितला नाही. मी तिचा दंड धरून हलवला.

"पोरगी सोबत पाह्यजे का, विचारते. तिनं हो म्हटलं तं मंग पोरीले कोनीच काई पाजत नाई, बाई."

गड्यांनी वाशांना खांदे लावले. मी पोरीला इतकं आवळलं की ती कण्हली. हो म्हणाला हा धोंडा तरी मी देणार नव्हते. मागच्या दाराने पळेन, ट्रकपुढे आडवी पडेन, काय वाटेल ते करेन. वासे करकरले. दगड हलला नाही.

मी पोरीवरची पकड सैल केली. मायने पोरगी मागितली नव्हती. आणि तेवढ्यात माझं मलाच कळलं की मी दगडाचं उत्तर मानून बसले होते.

दुसरा प्रश्न. "नर्सबाईजवळ ठेवतं का?"

मी दगडाकडे पाहिलं. आजवर देवाकडेही मी असं पाहिलं नव्हतं. गड्यांनी जोर लावला. दगड हलला नाही. मला दिसलं की वाशाखाली बापाची मान खाली आहे, गुडघे वाकलेले आहेत, आणि माझं डोकं फिरलं.

"हा उचलतच नाहीये!" मी पडवीतून ओरडले. "हा नुसता खांदा टेकवून उभा आहे! दगड कसला बोलतो, हाच बोलतोय!"

आयाने हे कुणाला सांगायची गरज पडली नाही. बोट दाखवून ओरडणाऱ्या बाईचं बोलणं कुठल्याही बोलीत कळतं. गडी वळून माझ्याकडे पाहू लागले. एकाच्या हातात कुऱ्हाड होती, ती त्याने सहज या हातातून त्या हातात घेतली. आया माझ्या पुढ्यात येऊन उभी राहिली, तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. पोरीचा बाप मात्र हलला नाही. तो वाशाखालून बाहेर आला आणि बाजूला झाला. त्याचा खांदा सोलून रक्ताळला होता.

गायता उठला. रागावलेला नव्हता, पण हसतही नव्हता. "तू ये, बाई," तो म्हणाला. "त्याच्या जागी तू उचल."

बायकांत कुजबुज झाली. आया हात जोडून त्याला काहीतरी सांगायला लागली, बहुधा बायका दगडाला खांदा देत नाहीत असंच. त्याने दगडाकडे बोट केलं. "ते बी बाईच होय."

मी पोरगी आयाकडे दिली, पदर खोचला आणि पडवी उतरले. माघार घ्यायची माझी सवय नव्हती. वाशाखाली खांदा लावला. लाकूड बापाच्या घामाने ओलं होतं.

"तोच विचार," मी गायत्याला म्हणाले. "मघाचाच प्रश्न."

त्याने तोच प्रश्न विचारला. मी जोर लावला. नागपूरला रोग्यांना उचलून उचलून माझ्या पाठीत चांगली ताकद होती, आणि त्या दिवशी मी ती सगळी लावली. दात करकरले, डोळ्यांपुढे काजवे चमकले. उचल, मी म्हणत होते, उचल, मी तिला जीव लावीन, तू पाहिलंस ना, रात्र रात्र बोळा घेऊन बसले ते तू पाहिलंस ना! माझ्या मागच्या गड्याचा श्वास मानेवर येत होता. वासा थरथरत होता. सगळे जीव तोडून उचलत होते, ते मला त्या लाकडातून कळत होतं. कुणी लबाडी करत नव्हतं. आणि दगड जमिनीला चिकटून बसला होता.

मी थांबले. गायत्याने मला दम घेऊ दिला. मग त्याने तिसरा प्रश्न विचारला. आया दूर होती, पण मला तो कळला, कारण विचारताना त्याने झाडाखाली उभ्या असलेल्या मावशीकडे हात केला.

मी जोर लावला नाही. खरं सांगते, नुसता खांदा ठेवला होता. दगड असा वर आला की मी पुढे कोलमडले आणि मागच्याने मला धरलं.

पुढे कितीतरी वर्षं मी याची कारणं शोधली. आधीच्या ओढाताणीने दगड मातीतून सुटला असेल. बाकीच्यांनी त्या वेळी जास्त जोर लावला असेल. सगळी कारणं पटण्यासारखी आहेत. फक्त माझा खांदा त्यांना हो म्हणत नाही.

मावशीने आपलं मूल दुसऱ्या बाईकडे दिलं आणि धावत पडवीत आली. आयाच्या हातातून पोरगी जवळजवळ ओढूनच घेतली आणि तिथेच भिंतीला टेकून बसली. पोरीने तोंड लावलं नाही. बोळ्याची सवय, आणि अंगात त्राण नाही. मान कलती झाली. वाशाखाली उभ्या असलेल्या मला ते सगळं दिसत होतं आणि काही करता येत नव्हतं. मावशीने दोन थेंब तिच्या ओठांवर पिळले. थांबली. पुन्हा पिळले. पोरीने जीभ हलवली, मग तोंड वासलं, आणि मग एवढ्या माणसांच्या शांततेत तिचं चुटूचुटू पिणं मला ऐकू आलं.

त्याच वेळी रस्त्यावर ट्रकचा भोंगा वाजला. मी खांद्यावरचा वासा सोडायला लागले, तर गायत्याने हात आडवा केला.

"उचललं ते मधात ठेवता येत नाई, बाई. चल."

मी आयाला मानेने खूण केली. तिने रस्त्यावर जाऊन ट्रकला पुढे जायला सांगितलं. माझी पिशवी पडवीतच राहिली. ढोल सुरू झाला आणि मी त्या लोकांबरोबर पायवाट ओलांडून दगडांत गेले. बाप माझ्या बाजूने चालत होता, माझा खांदा घसरला तर सावरायला हात वाशाखाली धरून. खड्डा तयार होता. दगड आम्ही त्यात उभा केला, माती लोटली, पायांनी दाबली. मग तो बाप दगडाला मिठी मारून रडला. इतके दिवस मी ज्याला दगड म्हणत होते तो माणूस हंबरडा फोडून रडला, आणि मीही रडले, पण मी तिच्यासाठी रडत नव्हते, माझ्या हातून गेलेल्या पोरीसाठी रडत होते.

परत आले तर पडवी रिकामी होती. मावशी पोरीला घेऊन गावाला गेली होती. वाटी घासून पालथी ठेवलेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंपणावरच्या दोरीवर पोरीचे लंगोट वाळत होते, ते मी काढत होते. मागे पाऊल वाजलं. मावशी होती, दोन्ही कडेवर दोन मुलं. झाडाखाली न थांबता ती सरळ माझ्याजवळ आली आणि काहीतरी बोलली. आयाने चुलीपासूनच ओरडून सांगितलं, "तुमाले मोठी बहीण म्हणून राह्यली, बाई. दगडाले घरचेच खांदा देते. तुमी आता मेलेलीच्या बहीण, तं तिच्याही बहीण."

मला आई व्हायचं होतं आणि मला एक मेलेली बहीण मिळाली होती. मला राग आला. रडूही आलं. मावशीने पोरगी माझ्यापुढे धरली.

मी तिला घेतलं. तिच्या तोंडाला दुधाचा आंबूस वास होता, माझ्या डब्यातल्या दुधाचा नव्हे. पोट टम्म भरलेलं, टाळू अजून खोल, पण डोळे मिटून ती शांत झोपली होती. आदल्या दिवसापर्यंत ती माझ्या हातात कापसासारखी वाटायची. त्या सकाळी ती जड लागली. इतकी जड की मी तिला खांद्यापर्यंत उचललंच नाही.

मी ती मावशीकडे परत दिली आणि लंगोटांच्या घड्या घालून तिच्या हातात ठेवल्या.